रक्ताचा रिपोर्ट मशीनच्या आधीच ठरतो : सीरमचा नमुना नीट कसा तयार होतो?



आज जरा वेगळा विषय घेतोय. पाठ्यपुस्तकात ‘मिश्रणे वेगळी करण्याच्या पद्धती’ आपण दरवर्षी शिकवतो. निवळणे, गाळणे, अपकेंद्री पद्धत. मुलं पाठ करतात, आपण मार्क देतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ही अपकेंद्री पद्धत आपल्याच शाळेतल्या एका लेकराच्या घरात रात्रभर धावपळ करवून गेली, तेव्हा मला ती खरी कळली.

सातवीतली मुलगी. गौरी-गणपतीचे दिवस होते. चार दिवस ताप, अंगात त्राण नाही. वडील सालगडी. तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी तपासलं, संध्याकाळी रक्त घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला : पोटॅशियम ६.९. साधारणपणे ते ३.५ ते ५ च्या आसपास असायला हवं. एवढं वाढलेलं पोटॅशियम खरं असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलं, ताबडतोब नांदेडला न्या. वडिलांनी पाच हजार उसने घेतले, जीप केली, रात्री नांदेड गाठलं. तिथं ईसीजी काढला तो व्यवस्थित. नवीन रक्त घेतलं, पोटॅशियम ४.२. ताप साधा व्हायरल निघाला. आठवड्याभरात मुलगी शाळेत आली.

वडील मला भेटले तेव्हा एकच प्रश्न विचारला, “सर, मशीन खोटं बोलतं का?”

मला उत्तर देता आलं नाही. काही दिवसांनी माझा एक माजी विद्यार्थी भेटला. डीएमएलटी करून तो आता नांदेडला एका लॅबमध्ये काम करतो. त्याला दोन्ही रिपोर्ट दाखवले. त्यानं आकडा पाहिलाच नाही, आधी वेळ पाहिली. रक्त घेतलं संध्याकाळी पावणेसातला, लॅबला मिळालं दुसऱ्या दिवशी अकराला. म्हणाला, “सर, सीरम वेगळं न करता रक्त रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं असणार. तिथंच पोटॅशियम वाढलं. पोरीच्या अंगात नाही, नळीत.” वडिलांनी चौकशी केली, तसंच निघालं.

मशीननं खोटं सांगितलं नव्हतं. नळीत जे होतं ते बरोबर मोजलं होतं. चूक मशीनच्या आधी झाली होती. म्हणून नमुना कसा तयार होतो हे आपण शिक्षकांनी आणि पालकांनी समजून घेतलं पाहिजे.

सीरम म्हणजे नेमकं काय?

रक्तात साधारण ५५ टक्के द्रव भाग आणि ४५ टक्के पेशी असतात. या द्रव भागाला आपण पुस्तकात रक्तद्रव म्हणतो, इंग्रजीतला प्लाझ्मा. मग सीरम वेगळं काय?

घरचं उदाहरण घ्या. दुधाला विरजण लावलं, दही घट्ट बसलं. त्यात चमचा घातला की थोड्या वेळानं बाजूला पिवळसर पाणी सुटतं, ती निवळी. रक्ताचंही असंच होतं. नळीत रक्त तसंच ठेवलं तर ते साकळतं. रक्तद्रवातलं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन धाग्यांचं जाळं विणतं, पेशी त्यात अडकतात आणि गुठळी तयार होते. गुठळीच्या वर जे पिवळसर, पारदर्शक पाणी राहतं ते सीरम. थोडक्यात, रक्तद्रवातून साकळण्याचा माल वापरला गेला की उरतं ते सीरम.

किडनीची क्रिएटिनिन तपासणी, लिव्हरच्या तपासण्या, थायरॉईड, कोलेस्टेरॉल, डेंग्यूची अँटीबॉडी, अशा कितीतरी तपासण्या सीरमवर होतात. पाच मिली रक्तातून जेमतेम दोन-अडीच मिली सीरम मिळतं. म्हणून ‘एवढंसं पाहायचंय, मग एवढं रक्त कशाला काढता?’ या पालकांच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे.

टोपणांचे रंग काय सांगतात?

नळ्यांची रंगीत टोपणं शोभेसाठी नसतात.

लाल टोपण : रक्त साकळू द्यायचं, सीरम काढायचं.
पिवळं टोपण : हेही सीरमसाठीच. आत साकळणं लवकर व्हावं म्हणून पदार्थ असतो आणि तळाशी जेल असतं. फिरवल्यावर हे जेल पेशी आणि सीरम यांच्यामध्ये भिंतीसारखं बसतं.
जांभळं टोपण : आत ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे रक्त साकळत नाही. हिमोग्लोबिन आणि पेशी मोजायला ही नळी.
निळं टोपण : आत सायट्रेट. रक्त साकळायला किती वेळ लागतो ते पाहण्यासाठी.
करडं टोपण : आत फ्लोराईड. पेशींनी साखर संपवू नये म्हणून. ही साखरेच्या तपासणीची नळी.

आता एक गंमत पाहा. पिवळ्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कुणी जांभळ्या नळीतलं थोडं रक्त त्यात ओतलं तर काय होईल? ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. म्हणजे पोटॅशियम खोटं वाढणार आणि कॅल्शियम खोटं कमी होणार. म्हणूनच नळ्या भरण्याचा क्रमही ठरलेला असतो. सीरमची नळी आधी, जांभळी आणि करडी शेवटी. एका नळीतलं रक्त दुसरीत ओतायचं नाही, हा पक्का नियम.

पहिला अर्धा तास : घाई नको, हलवाहलव नको

सीरमच्या नळीत रक्त घेतलं की ती हळुवारपणे पाच वेळा उलटसुलट करायची, म्हणजे आतला पदार्थ नीट मिसळतो. जोरात हलवायची नाही. विरजण लावलेलं भांडं आपण हलवत नाही, तसंच. मग नळी उभी ठेवून साधारण ३० मिनिटं खोलीच्या तापमानाला राहू द्यायची. साध्या लाल नळीला तासभरही लागू शकतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचं रक्त आणखी उशिरा साकळतं.

घाई करून आधीच फिरवलं तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात. हे धागे मशीनच्या सुईत अडकतात, आकडा चुकतो किंवा मशीनच बंद पडतं.

जोरात हलवलं तर त्याहून वाईट. तांबड्या पेशी फुटतात आणि आतला माल सीरममध्ये उतरतो. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे पंचवीस पट असतं. थोड्याशा पेशी फुटल्या तरी आकडा उसळी मारतो. फार बारीक सुईतून जोरानं रक्त ओढणं, सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबून नळीत रक्त सोडणं, स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचणं, यानंही पेशी फुटतात.

सेंट्रिफ्यूज : जत्रेतल्या पाळण्याचं विज्ञान

माळेगावच्या जत्रेत साखळीला बांधलेल्या खुर्च्यांचा गोल फिरणारा पाळणा तुम्ही पाहिला असेल. वेग वाढला की खुर्च्या बाहेर फेकल्यासारख्या तिरप्या होतात. सेंट्रिफ्यूजमध्ये खुर्चीच्या जागी नळी असते. जड पेशी आणि गुठळी तळाकडे जातात, हलकं सीरम वर राहतं.

नववी-दहावीच्या मुलांना हे गणित जरूर द्या. नळीचं टोक मध्यापासून १५ सेंटीमीटरवर आहे आणि यंत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला ५० फेरे. एका फेऱ्याचं अंतर २ × ३.१४ × ०.१५, म्हणजे सुमारे ०.९४ मीटर. वेग झाला सेकंदाला सुमारे ४७ मीटर, ताशी जवळपास १७० किलोमीटर! त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. ते येतं गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १५०० पट. निवळायला एरवी तासन् तास लागले असते ते काम म्हणून दहा मिनिटांत होतं. सीरमसाठी साधारण १००० ते १५०० पट बल आणि दहा मिनिटं पुरतात. नेमका आकडा नळी बनवणारी कंपनी देते.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. ‘३००० वर फिरवा’ एवढं सांगून भागत नाही. त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर त्याच ३००० फेऱ्यांना बल १००० पटीवर येतं. फेरे तेच, काम वेगळं.

दोन नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक, समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं हवं. नळी एकच असेल तर समोर तेवढंच पाणी भरलेली नळी ठेवायची. दोन, जेलची नळी एकदाच फिरवायची. सीरम कमी निघालं म्हणून पुन्हा फिरवली तर जेलखालचा पोटॅशियमवाला द्रव वर येऊन मिसळतो.

दोन तासांचा नियम आणि आपले रस्ते

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत सीरम पेशींपासून वेगळं व्हायला हवं.

कारण नळीतल्या पेशी जिवंत असतात. त्या साखर खात राहतात. खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. दुसरीकडे, पेशींच्या भिंतीवर एक पंप असतो, तो पोटॅशियम आत ओढून ठेवतो. फ्रीजच्या थंडीत हा पंप मंदावतो. शेतात लाईट गेली की मोटार बंद पडते आणि पाईपातलं पाणी उलट विहिरीत येतं, तसं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटलेल्या नसतात, त्यामुळे सीरम पिवळंधमक, अगदी स्वच्छ दिसतं. कुणाला शंकाही येत नाही. आमच्या मुलीच्या नळीत नेमकं हेच घडलं होतं. ‘खराब होऊ नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं’ हा विचार वाईट नव्हता, क्रम चुकला. आधी वेगळं करायचं, मग थंड करायचं.

आता आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा. किनवट-माहूरकडून नांदेडला यायला अडीच-तीन तास. देगलूर, मुखेड, उदगीर, निलंगा, कुठूनही जिल्ह्याच्या गावी यायचं तर नमुने गोळा करणं, गाडीची वाट पाहणं, रस्ता, सगळं मिळून दोन तास सहज उलटतात. म्हणजे जिथं रक्त घेतलं तिथंच किंवा जवळच्या केंद्रावर सीरम वेगळं होणं याला पर्याय नाही. छोटं सेंट्रिफ्यूज आणि ते चालवणारा शिकलेला माणूस तालुक्याच्या गावी असणं ही चैन नाही, गरज आहे.

एकदा सीरम वेगळं झालं की ते बऱ्यापैकी टिकतं. साधारण आठ तास खोलीच्या तापमानाला, दोन दिवसांपर्यंत २ ते ८ अंशांना आणि त्याहून जास्त ठेवायचं तर उणे २० अंशांना. गोठवलेलं सीरम पुन्हा पुन्हा वितळवायचं नाही. आणि न वेगळं केलेलं रक्त कधीच गोठवायचं नाही, पेशी फुटतात. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात तर डबा गाडीच्या डिकीत उघडा ठेवणं म्हणजे नमुना शिजवणंच. लसीच्या डब्यासारखा थंड डबा हवा आणि नळी बर्फाला थेट चिकटायला नको.

सीरमचा रंगही बोलतो

चांगलं सीरम फिकट पिवळं, पारदर्शक. गुलाबी-लालसर दिसलं तर पेशी फुटल्यात, पोटॅशियमसारखे आकडे भरवशाचे नाहीत. दुधासारखं पांढरट असेल तर बहुतेक वेळा भरपेट जेवणानंतर रक्त घेतलेलं असतं, किंवा रक्तातली चरबीच वाढलेली असते. गडद पिवळं असेल तर कावीळ असू शकते. कावीळ मोजायची असेल तर नळी उजेडापासून झाकून ठेवतात, कारण बिलिरुबिन उजेडात कमी होतं.

लॅबमधून ‘नमुना खराब झालाय, परत रक्त द्या’ असा फोन आला तर चिडू नका. चुकीचा आकडा छापून देण्यापेक्षा परत बोलावणारी लॅब प्रामाणिक आहे.

नांदेडनं हे करून दाखवलंय

‘खेड्यात एवढं कुठं जमतं?’ असं कुणी म्हणालं तर २०२० सालचं उदाहरण द्या. कोरोना किती पसरला ते पाहायला आयसीएमआरनं मे-जून २०२० मध्ये देशातल्या ७० जिल्ह्यांत सीरमची पाहणी केली. महाराष्ट्रातले सहा जिल्हे होते : बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव. म्हणजे सहातले तीन आपल्या मराठवाड्यातले. प्रत्येक जिल्ह्यात दहा गावं किंवा वॉर्ड निवडून साधारण ४०० प्रौढांचं रक्त घेतलं. सीरम स्थानिक पातळीवरच वेगळं केलं आणि थंड डब्यांतून तपासणीसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेत पाठवलं. तपासणीचं किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं विकसित केलेलं होतं.

पहिल्या फेरीत २८,००० लोकांमध्ये संसर्ग होऊन गेल्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघालं. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत ६ ते १७ वर्षांची मुलंही होती आणि एकूण प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. विचार करा, गावागावात काढलेलं रक्त तसंच उन्हातान्हात पाठवलं असतं तर या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार होतं? लॉकडाऊनच्या दिवसांत, मे महिन्याच्या उन्हात आपल्या जिल्ह्यात हे झालं. मग रोजच्या तपासणीलाही होऊ शकतं.

वर्गात काय करता येईल?

आधी एक सूचना : शाळेत रक्ताचा प्रयोग करायचा नाही. त्याशिवायही हा धडा छान शिकवता येतो.

१. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी दोन बाटल्यांत घ्या. एक स्थिर ठेवा, दुसरी दर पाच मिनिटांनी हलवा. कोणती निवळते?
२. दह्याची निवळी दाखवा आणि गुठळी-सीरम समजावून सांगा.
३. दोऱ्यात ओवलेल्या बटणाची भिंगरी करा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खेळण्यावरून कागदाचं सेंट्रिफ्यूज बनवलं आणि २०१७ मध्ये जगासमोर मांडलं. ते मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत जातं आणि वीज लागत नाही. रक्ताच्या थेंबातून दीड मिनिटात रक्तद्रव वेगळं होतं. मुलांना हे सांगा, डोळे चमकतात.
४. वर दिलेलं १५०० पटीचं गणित फळ्यावर सोडवा.

पालकांनी आणि शिक्षकांनी लक्षात ठेवायचं

• तपासणी उपाशीपोटी आहे का, ते आदल्या दिवशीच विचारा. उपाशी म्हणजे साधं पाणीही नाही असं नसतं, पाणी चालतं.
• रक्त देताना लेकराला मूठ सारखी उघडझाप करायला लावू नका. दंडाचा पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त घट्ट राहू नये. दोन्हींनी आकडे बदलतात.
• नळीवर नाव तुमच्यासमोरच लिहिलं जातंय का ते पाहा. एका वर्गात तीन-तीन वैष्णवी असतात. नावाबरोबर वय किंवा नोंदणी क्रमांकही हवा.
• ताप कधी सुरू झाला ती तारीख नक्की सांगा. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम अँटीबॉडी त्यानंतर. पालकांना आठवत नसेल तर आपला हजेरीपट आहेच, लेकरू कधीपासून गैरहजर आहे ते त्यात दिसतं.
• नम्रपणे विचारा : “सीरम इथंच वेगळं करणार का? नमुना किती वाजता जाणार?” टेक्निशियन बहुतेक ठिकाणी एकटा असतो, कामाचा ढीग असतो. भांडू नका, विचारा. विचारणारा माणूस समोर असला की काळजीही जास्त घेतली जाते.
• रिपोर्ट आणि लेकराची तब्येत जुळत नसेल तर डॉक्टरांना विचारून ताजा नमुना द्या. मात्र ‘चुकलाच असेल’ म्हणून घरी बसू नका. धोक्याचा आकडा खराही असू शकतो. आमच्या मुलीला नांदेडला नेलं ते बरोबरच केलं. फक्त पहिला नमुना नीट तयार झाला असता तर ती रात्र आणि ते पाच हजार वाचले असते.

आपल्या लातूर-नांदेडात घरोघरी नीटच्या मार्कांची चर्चा असते. त्या मुलांना एक गोष्ट लगेच पटते. पेपर कितीही छान लिहिला, पण उत्तरपत्रिकेवर नंबर चुकला तर निकाल दुसऱ्याचा लागतो. रक्ताच्या नळीचंही तसंच आहे. यातली काही मुलं उद्या डॉक्टर होतील, बरीच टेक्निशियन आणि नर्स होतील. नळी त्यांच्याच हातात असणार आहे.

त्या वडिलांना मी नंतर हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे सर, आधी वेगळं करायचं, मग फ्रीजमध्ये. एवढंच ना?”

हो, एवढंच. हे आपल्या प्रत्येक गावात माहीत असायला हवं.